‘जिजून’ या एका शब्दाच्या कसोटीवर: एटिमऑनलाइन आणि सोबतीचे चार कोश

इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणाऱ्या साइट पैशाला पासरी आहेत. तो शब्द लॅटिनमधून कुठल्या वाटेने आला, वाटेत त्याचा अर्थ कुठे वळला आणि यातलं पुराव्याचं किती, अंदाजाचं किती, हे नीट सांगणाऱ्या मात्र मोजक्याच. अनुवादक, इंग्रजीचे शिक्षक, जीआरईसारख्या परीक्षांसाठी शब्दसंग्रह वाढवणारे विद्यार्थी, या सगळ्यांना ही दुसरी गोष्ट लागते. त्यासाठी बहुतेक जण ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडतात, म्हणजेच एटिमऑनलाइन. हा आढावा मुख्यतः तिचा आहे. ती जिथे कमी पडते तिथे काय उघडायचं, हेही त्यात आलंच.

कोश तपासायला सोपा शब्द घेऊन उपयोग नाही. जिथे कोशाचा कस लागतो असा शब्द हवा, म्हणून ‘जिजून’ हे विशेषण घेतलं. स्पेलिंग जे-ई-जे-यू-एन-ई, उच्चारात जोर ‘जून’वर. आजच्या इंग्रजीत त्याचे दोन अर्थ चालतात. एक, नीरस, पोकळ, वाचून हाती काही न लागणारं; हा अर्थ लिखाणाला, भाषणाला, विचारांना लागतो. दुसरा, पोरकट, अपरिपक्व. हे दोन अर्थ एकमेकांतून निघाल्यासारखे वाटत नाहीत, आणि बहुधा निघालेले नाहीतही. दुसरा अर्थ कुठून आला हे जो कोश सांगत नाही, त्याने निम्मंच काम केलं.

आधी शब्दाची हकिकत मांडतो, म्हणजे कुठला कोश कुठवर पोचतो ते मोजता येईल.

लॅटिनमध्ये ‘येयूनुस’ म्हणजे उपाशी, सकाळपासून पोटात काही न गेलेला. रोमन लेखकांनी हे विशेषण माणसाच्या पोटापुरतं ठेवलं नाही. व्हर्जिलने ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्याच्या दुसऱ्या भागात उताराच्या खडेदार जमिनीला ‘उपाशी’ म्हटलंय. ही जमीन मधमाश्यांपुरती बुटकी सुवासिक झुडपं आणि रोजमेरी तेवढी कशीबशी पोसते, असं तो सांगतो. मुरमाड माळावर पीक घ्यायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही हे विशेषण समजावून सांगावं लागणार नाही. सिसेरोने तोच शब्द वक्त्यांच्या शैलीला लावला: कोरडी, रस नसलेली, ऐकणाऱ्याला काहीच न देणारी. म्हणजे उपाशी पोट, नापीक जमीन, नीरस भाषा ही सगळी वाटचाल लॅटिनमध्येच झालेली होती. इंग्रजीने १७ व्या शतकाच्या सुरुवातीला शब्द उचलला तो या सगळ्या छटांसकट. त्या काळी निःसत्त्व अन्नालाही ‘जिजून’ म्हणत. आता तो अर्थ जवळजवळ मागे पडलाय.

‘पोरकट’ हा अर्थ फार उशिरा, १९ व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. त्याचा नेहमी दिला जाणारा सुरुवातीचा दाखला जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘आर्म्स अँड द मॅन’मधला आहे. नाटक १८९८ मध्ये छापलं गेलं. दुसऱ्या अंकात सर्जियस रंगमंचावर येतो तिथल्या लांबलचक रंगसूचनेत त्याच्या भाबड्या विश्वासाला हे विशेषण लावलंय. हा अर्थ शिरला तो बहुधा दिसण्यातल्या सारखेपणामुळे. फ्रेंचमध्ये ‘तरुण’साठीचा शब्द जे-ई-यू-एन-ई असा लिहितात. डोळ्यांना तो ‘जिजून’चा भाऊ वाटतो, पण त्याचं मूळ ‘युवेनिस’ या वेगळ्याच लॅटिन शब्दात आहे. गंमत अशी की फ्रेंचमध्ये ‘उपवास’ हा शब्दही त्याच अक्षरांनी लिहितात, फक्त यू या अक्षरावर टोपीसारखं चिन्ह येतं. तो मात्र खरोखर ‘येयूनुस’च्या घरातला.

शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकासाठी इथे आणखी एक पदर आहे. ‘युवेनिस’ आणि संस्कृत ‘युवन्’ एकाच मूळचे, यात वाद नाही. ‘येयूनुस’चं मूळ मात्र पक्कं ठरलेलं नाही. मिखिएल दे व्हान यांच्या २००८ साली निघालेल्या लॅटिन व्युत्पत्तिकोशाने त्याचा संबंध संस्कृत ‘यज्’ धातूशी जोडलाय. यज्ञ, यजमान हे शब्द त्याच धातूचे. धार्मिक विधी आणि उपवास यांची सांगड हा त्यातला दुवा. हे अनुमान बरोबर असेल तर ‘यज्ञोपवीत’वरून आलेलं आपलं ‘जानवं’ आणि इंग्रजीतलं ‘जिजून’ एकाच धातूपाशी जाऊन मिळतात. पण हे वाक्य ‘तर’वर उभं आहे. कोशाने तो ‘तर’ दाखवला पाहिजे, ही माझी मुख्य अट.

आता एटिमऑनलाइन. डग्लस हार्पर यांचं हे काम २००१ पासून चालू आहे. वापर फुकट, खातं उघडायची सक्ती नाही, जाहिराती दिसतात. फोनसाठी ॲप आहे. शोधपट्टीत शब्द टाकला की नोंद येते आणि तिची बांधणी ठरलेली असते: शब्दप्रकार, इंग्रजीतला पहिला काळ, सुरुवातीचा अर्थ, मग उलट्या दिशेने लॅटिन आणि त्यामागे. ‘जिजून’ची नोंद १६१० च्या दशकापासून सुरू होते आणि लॅटिन शब्दाचे ‘रिकामा, कोरडा, नापीक’ हे अर्थ देऊन ‘उपाशी’ या मूळ अर्थापर्यंत जाते. लॅटिन शब्दाचं मूळ अस्पष्ट आहे हेही ती स्पष्ट सांगते. अवघ्या काही ओळींत इतकं मिळणं ही मोठी सोय आहे, आणि अंदाजाला अंदाज म्हणण्याचा प्रामाणिकपणा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच शब्दसूची हा भाग गाळून थेट ‘लॅटिनमधून’ एवढं लिहून मोकळ्या होतात.

साइटची खरी ताकद मात्र एका नोंदीत नाही, नोंदींमधल्या दुव्यांत आहे. ‘डाइन’ या साध्या क्रियापदाची नोंद उघडा. ते जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याच्या मागे बोलीभाषेतल्या लॅटिनमधलं एक क्रियापद आहे, आणि त्याचे दोन तुकडे होतात: ‘दिस्’ म्हणजे उलट करणं, सोडणं, आणि पुढे ‘येयूनुस’वरून आलेलं ‘उपवास करणं’. थोडक्यात, डिनर म्हणजे उपास सोडणं. फ्रेंच ‘देझने’ आणि स्पॅनिश ‘देसायूनो’ यांच्या मागेही तीच कल्पना आणि तोच लॅटिन शब्द. मग ‘जेजुनम’ पाहा. लहान आतड्याच्या मधल्या भागाला हे नाव पडलं, कारण शवविच्छेदन करणाऱ्या जुन्या वैद्यांना तो भाग रिकामा सापडायचा. लॅटिन नाव हे ग्रीक नावाचं भाषांतर आहे, आणि ग्रीक शब्दाचा अर्थही ‘उपाशी’च. अपरिचित विशेषण असं तीन-चार ओळखीच्या शब्दांना बांधलं की ते विसरत नाही. पाठ करून तेवढं राहत नाही. शब्दसंग्रहासाठी ही साइट वापरायची तर याच पद्धतीने वापरावी.

अडचणी कुठे येतात तेही सांगतो. बहुतेक चुका साइटच्या नसतात, वाचण्याच्या असतात.

पहिली चूक वर्षाबाबत. नोंदीतलं वर्ष हे शब्दाचं जन्मवर्ष नव्हे. तो शब्द लेखी स्वरूपात सापडल्याचा आजवर माहीत असलेला सर्वात जुना काळ, एवढाच त्याचा अर्थ. वर्षाच्या आकड्यापुढे ‘एस’ असेल तर ते दशक असतं. शतकाच्या आधी ‘लेट’ असेल तर त्या शतकाचा शेवटचा भाग, ‘मिड’ असेल तर मधला. आकड्याआधी एकटं ‘सी’ असेल तर ‘सुमारे’. जुनी हस्तलिखितं आणि छापील पानं डिजिटल होत आहेत तसतशा या तारखा मागे सरकतात. म्हणून दोन कोशांत दहा-वीस वर्षांचा फरक दिसला तर गोंधळून जायचं कारण नाही.

दुसरी चूक तारांकनाची. एखाद्या रूपाआधी फुली किंवा तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलना करून बांधलेलं आहे. ‘डाइन’च्या मागचं ते बोलीलॅटिन क्रियापद असंच तारांकित आहे. प्रोटो-इंडो-युरोपियन, म्हणजे संस्कृत, लॅटिन वगैरेंची अभ्यासकांनी मानलेली पूर्वज भाषा; तिची म्हणून दिलेली सगळी मुळं तारांकितच असतात. अनेक मराठी लेखांमध्ये आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात हा तारा गळून पडतो आणि ‘मूळ शब्द अमुक होता’ असं ठाम विधान उरतं. त्यावरच मग ‘हा शब्द संस्कृतमधून लॅटिनमध्ये गेला’ असली वाक्यं उभी राहतात. दोन भाषांतले शब्द एकाच पूर्वजाचे असणं आणि एकीने दुसरीकडून शब्द घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘युवन्’ आणि ‘युवेनिस’ ही भावंडं आहेत, बापलेक नव्हेत.

तिसरी अडचण शोधण्याची. रोमन लोक आय आणि जे ही अक्षरं वेगळी लिहीत नसत. त्यामुळे आपला लॅटिन शब्द काही कोशांत ‘आय’ने सुरू होतो, काहींत ‘जे’ने. एका स्पेलिंगने हाती काही लागलं नाही तर दुसऱ्याने शोधा. एटिमऑनलाइनवर लॅटिन शब्दाची स्वतंत्र नोंद मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती इंग्रजी शब्दांची साइट आहे. पण लॅटिन रूप टाकून शोधलं तर ज्या इंग्रजी नोंदींत त्याचा उल्लेख आहे त्या समोर येतात, आणि शब्दांचं कुटुंब शोधायचा हा उत्तम मार्ग आहे.

चौथी गोष्ट उणीव म्हणून सांगायला हवी. इथे अर्थ थोडक्यात असतो, आजच्या वापराची उदाहरणं फारशी नसतात आणि उच्चारासाठी ही साइट नव्हे. ‘जिजून’ कुठल्या नामाआधी शोभेल हे इथून कळणार नाही.

ते कळायला मेरियम-वेबस्टर उघडावं. फुकट आहे, उच्चार ऐकता येतो, आणि या शब्दाखालची ‘तुम्हाला माहीत आहे का’ छापाची टीप खरोखर चांगली आहे. १७ व्या शतकात ‘जिजून’ भूक आणि ‘जिजून’ घास असे प्रयोग होते हे ती सांगते, आणि ‘पोरकट’ अर्थ फ्रेंच शब्दाच्या गोंधळातून आला असावा हेही. सर्वसाधारण वाचकासाठी अर्थाच्या वळणाचं याहून नेटकं स्पष्टीकरण सहज मिळणार नाही. एक सापळा तेवढा आहे, आणि परीक्षार्थी त्यात नेमके सापडतात. मेरियम-वेबस्टर अर्थांचा क्रम इतिहासानुसार लावतं. ‘जिजून’चा पहिला अर्थ तिथे ‘पोषणमूल्य नसलेलं’ हा आहे, कारण तो जुना आहे; नेहमीचा म्हणून नव्हे. पहिला अर्थ वहीत उतरवून पुढे गेलात तर उताऱ्यात ‘जिजून’ भाषण भेटल्यावर अडाल. तिन्ही अर्थ वाचा आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर भर द्या. पहिल्या वापराचं म्हणून दिलेलं वर्षही ठराविक एका अर्थापुरतं असतं.

लॅटिन शब्दाचं अंतरंग पाहायचं असेल तर शिकागो विद्यापीठाचं लोगेऑन. हेही फुकट. एका शोधात अनेक लॅटिन कोश शेजारीशेजारी उघडतात, त्यांत १८७९ सालचा लुईस आणि शॉर्ट यांचा मोठा कोशही. पान पहिल्यांदा पाहताना धडकी भरते, कारण सगळं संक्षेपांत आहे. तीन खुणा ओळखल्या तरी पुरे. ‘लिट’ म्हणजे शब्दशः अर्थ, ‘ट्रान्स्फ’ म्हणजे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर सरकलेला, ‘ट्रॉप’ म्हणजे लाक्षणिक. या तिन्हींच्या पायरीने ‘येयूनुस’ वाचला की पोट, जमीन आणि शैली हा क्रम आपोआप उलगडतो, आणि प्रत्येक अर्थापुढे लेखकाचं नाव व स्थळ मिळतं. ‘सिक’ म्हणजे सिसेरो, ‘प्लॉट’ म्हणजे प्लॉटस. लॅटिन येत नसलं तरी कुठला अर्थ कुणाच्या हातून आला एवढं समजतं. या कोशाचे अर्थ आणि दाखले विश्वासाचे आहेत, व्युत्पत्तीवर मात्र विसंबू नका. १८७९ नंतर त्या शास्त्रात फार बदल झालाय.

विक्शनरीबद्दल थोडक्यात. लॅटिन शब्दांची तिथली पानं आश्चर्य वाटावं इतकी भरलेली आहेत: दीर्घ स्वरांच्या खुणा, विभक्तीचा तक्ता, आणि खाली वंशज शब्दांची यादी. ‘येयूनुस’खालून स्पॅनिश ‘आयूनो’ आणि पोर्तुगीज ‘झेझूम’पर्यंत जाता येतं. गोव्यात ज्यांच्या घरात पोर्तुगीज टिकून आहे त्यांना हा शब्द नवा नसेल, कारण उपाशीपोटी रक्त तपासायचं म्हटलं तरी पोर्तुगीजमध्ये तोच लागतो. ‘यज्’शी लावलेलं नातंही इथे दिसतं. पण पान कुणीही बदलू शकतो, म्हणून नोंदीखाली आधार दिलाय का ते पाहायचं आणि आधार नसलेली व्युत्पत्ती लिखाणात वापरायची नाही.

राहिला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. दाखल्यांच्या बाबतीत त्याला तोड नाही: प्रत्येक अर्थाखाली सनावळीसकट मूळ वाक्यं, त्यामुळे अर्थ कधी वळला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. पूर्ण वापराला वर्गणी लागते. नोंद उघडल्यावर ती अलीकडे सुधारलेली आहे की जुन्या आवृत्तीतली आहे हे आधी पाहायचं, तशी सूचना पानावरच असते. ‘जिजून’ इतका वादग्रस्त शब्द असेल तर शेवटचा शब्द इथलाच धरावा. पण रोजच्या वाचनात दहा शब्द अडले तर त्यासाठी वर्गणी भरायची गरज नाही.

एटिमऑनलाइन सर्वात चांगली कुठे चालते हे पाहायचं असेल तर ‘इग्रीजिअस’ हा शब्द शोधा. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप; कळपातून उठून दिसणारा तो ‘एग्रेगियुस’, म्हणजे नामांकित, उत्तम. इंग्रजीतही आधी अर्थ चांगलाच होता, पुढे तो फिरून ‘ढळढळीत वाईट’ असा झाला. मूळ स्पष्ट, वळण एकच आणि दाखल्यांनिशी सिद्ध. अशा शब्दांसाठी ही एकटी साइट पुरते आणि पाच मिनिटांत काम होतं. मूळच अनिश्चित असलेल्या, वर परक्या शब्दाशी गल्लत झालेल्या ‘जिजून’सारख्या शब्दाला मात्र तिच्या जोडीला मेरियम-वेबस्टर आणि लोगेऑन लागतातच.

मराठीत आणताना कुठलाही इंग्रजी-मराठी कोश ‘नीरस’ किंवा ‘बालिश’ यांपैकी एकावर थांबतो असं दिसलं, तर दोन्ही अर्थ मनात ठेवून वाक्य पुन्हा वाचा. लिखाण किंवा भाषण असेल तर ‘निःसत्त्व’ हा शब्द मला सर्वात जवळचा वाटतो, कारण तो अन्नालाही लागतो आणि विचारालाही, आणि लॅटिनमधला उपाशीपणा त्यात शिल्लक राहतो. वृत्तीबद्दल असेल तर सरळ ‘पोरकट’. इंग्रजीत स्वतः लिहिताना हा शब्द ‘नीरस’ याच अर्थाने वापरणं बरं. ‘पोरकट’ या अर्थाला आजही काही चोखंदळ वाचक चूक मानतात, आणि त्यासाठी दुसरे सोपे शब्द आहेतच. स्पेलिंगमध्ये दुसऱ्या जे आणि यू यांच्या मध्ये आणखी एक ई घालण्याची चूक फार दिसते. ती फ्रेंच शब्दाच्या प्रभावाने होते, आणि परीक्षेत गुण जायला तेवढी पुरते.

मराठी शब्दांसाठी एटिमऑनलाइनसारखं काही हवं असेल तर त्याच शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई कोशांचा डिजिटल संग्रह पाहावा. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती तिथे शोधता येते, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही, आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोशही. ‘यज्ञोपवीत’ ते ‘जानवं’ ही वाट टर्नरमध्येच सापडते. शोधताना टर्नरमध्ये संस्कृत रूप टाकायचं, मोल्सवर्थमध्ये मात्रा आणि अनुस्वार असलेलं जुनं स्पेलिंग: ‘जानवं’ नव्हे, ‘जानवें’. मात्रा किंवा अनुस्वार गाळला की नोंद असूनही हाती लागत नाही.